छोट्या शब्दांचा सीमाभाग

कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला नुसते ‘बसा’ म्हटले तर ते कोरडे लागते. ‘बसा की’ म्हटले म्हणजे त्यात आग्रह येतो, आपलेपणा येतो आणि न बसता गेलात तर वाईट वाटेल हेही त्या एका अक्षरातून पोचते. ‘जेवा की’, ‘या की वाईच’, ‘सांगितलं की मगाशी’, ‘हाय की’. या ‘की’चा अर्थ विचारला तर बोलणारा अडतो. परगावच्या माणसाने तो चुकीच्या जागी वापरला तर मात्र त्याच बोलणाऱ्याचे कान तत्काळ टवकारतात.

शालेय व्याकरणाला ‘की’ ओळखीचा आहे, पण वेगळ्या कामांसाठी. ‘वाटतं की पाऊस येईल’ यात तो दोन वाक्ये जोडतो. ‘चहा की कॉफी’ यात तो पर्याय मांडतो. ‘पाऊस आला की लाइट जाते’ यात तो एका घटनेला दुसरीच्या पाठीला बांधतो. ‘बसा की’मधला चौथा ‘की’ या यादीत सहसा नसतो. तो बोलीतला म्हणून बाजूला राहतो.

आता ‘की’चे कूळ पाहावे. पर्याय मांडणारा ‘की’ अभ्यासक संस्कृत ‘किम्’शी जोडतात. वाक्ये जोडणारा ‘की’ फारसी ‘कि’ किंवा ‘के’च्या वळणाचा मानला जातो. म्हणजे एकाच अक्षराचे दोन शब्द, एक घरचा आणि एक बाहेरचा, अशी वाटणी सहज करता येईल. पण आणखी मागे गेले तर ही वाटणी टिकत नाही. फारसी ‘के’ आणि संस्कृत ‘किम्’ हे एकाच प्राचीन प्रश्नवाचक मुळाचे वंशज आहेत. लॅटिनमधले ‘क्वि’ आणि ‘क्वोद’ त्याच मुळाचे. फ्रेंच आणि स्पॅनिशमधला वाक्ये जोडणारा शब्द आणि इटालियनमधला ‘के’ हेही त्याच घरातले. इंग्रजीतले ‘हू’ आणि ‘व्हॉट’ याच कुटुंबात बसतात. कोल्हापूरचा माणूस ‘मला वाटतं की’ म्हणतो आणि माद्रिदचा माणूस आपल्या भाषेत तेच म्हणतो, तेव्हा सांध्याच्या जागी दोघांच्याही तोंडी जवळजवळ एकच आवाज असतो. ‘की’ परका ठरवून बाहेर काढायचा तर त्याच्या सख्ख्या भावंडांचे काय करायचे?

भाषेचे कूळ, तिची शुद्धता, तिच्यावरचे आक्रमण यांविषयी महाराष्ट्रात शंभर वर्षे वाद चालू आहेत. ते वाद बहुतेक सगळे मोठ्या शब्दांवरून झाले, म्हणजे नामांवरून, पदव्यांवरून, पाट्यांवरून. छोट्या शब्दांकडे कोणी फारसे पाहिले नाही. एखादी भाषा कोणाबरोबर राहिली आणि किती जवळून राहिली याची साक्ष मात्र याच शब्दांत सापडते. हा दावा सिद्ध करायला कोल्हापूर आणि त्याच्या पूर्वेचा, दक्षिणेचा मुलूख यांहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

छोट्या शब्दांचे वेगळेपण आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी ओळखले होते. यास्काने निरुक्तात शब्दांचे चार वर्ग केले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. निपात म्हणजे निरनिराळ्या अर्थांत येऊन पडणारे ते बारके शब्द. पाणिनीनेही ‘च’ आदी शब्दांचा गट वेगळा काढला आणि ते कोणत्याही वस्तूचे नाव नसतात हे त्यांचे लक्षण ठरवले. ही विद्या फार दूरची नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, इ. स. १२०५ मध्ये, सोमदेव नावाच्या जैन पंडिताने ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ आजुरिका येथे पुरा केला. आजुरिका म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातले आजचे आजरा. ज्या गावाचे नाव आज घनसाळ तांदळामुळे लोकांना माहीत आहे, तिथल्या जिनालयात आठशे वर्षांपूर्वी शब्दांची चिकित्सा चालू होती. त्याच शिलाहारांचे शिलालेख संस्कृतात आहेत तसे कन्नडातही आहेत. या मुलखात एकाहून अधिक भाषा एकाच अंगणात नांदण्याची सवय इतकी जुनी आहे.

युरोपातल्या पंडितांनी हेच धागे वेगळ्या बाजूने धरले. चौदाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कवी दान्तेने लोकभाषांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला. दक्षिण युरोपातल्या भाषांची वर्गवारी करताना त्याने राजे पाहिले नाहीत की नद्या पाहिल्या नाहीत. लोक होकार कसा देतात, हे पाहिले. कुठे ‘ओक’, कुठे ‘ओइल’, कुठे ‘सी’. दक्षिण फ्रान्सच्या एका प्रांताचे ‘लांगदोक’ हे नाव आजही ‘ओकची भाषा’ एवढेच सांगते. शास्त्रीय लॅटिनला ‘हो’साठी स्वतंत्र असा एक शब्दच नव्हता. ‘हे’ या अर्थाच्या ‘होक’पासून ‘ओक’ झाला, त्यालाच आणखी एक सर्वनाम चिकटून ‘ओइल’ आणि पुढे फ्रेंच ‘वी’ तयार झाला, आणि ‘असे’ या अर्थाच्या ‘सिक’पासून इटालियन ‘सी’ आला.

कोल्हापूरचा होकार ‘व्हय’ आहे. तो प्रमाण मराठीतल्या ‘होय’चाच उच्चार, आणि ‘होय’ म्हणजे ‘होणे’ या क्रियापदाचे रूप. शेजारच्या कन्नडमध्ये होकाराला ‘हौदु’ म्हणतात. तोही ‘आगु’, म्हणजे होणे, या धातूपासून झिजत झिजत आला आहे. दोन्ही शब्दांची कुळे पूर्ण वेगळी, एक संस्कृत ‘भू’कडे जाणारे आणि दुसरे द्राविडी. पण होकार देताना दोन्ही भाषा ‘ते तसे होते’ असेच म्हणतात. हिंदीचा ‘हाँ’ असे म्हणत नाही. गडहिंग्लजच्या बाजारात एकाच गिऱ्हाइकाला एक विक्रेता ‘व्हय’ म्हणतो आणि दुसरा ‘हौद’. कानाला ते दोन शब्द आहेत, त्यांची घडण मात्र सारखी आहे.

इथे सावध राहायला हवे. छोटे शब्द जितके बोलके तितकेच फसवे. दोन-तीन ध्वनींचा शब्द दुसऱ्या भाषेतल्या शब्दाशी योगायोगाने जुळणे फार सोपे असते. आधुनिक ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय, आणि शेजारच्या बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट आणि इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजेही वाईट, पण या दोघांचे काहीही नाते नाही. आवाज सारखा म्हणून कूळ एक, असे ठरवून मराठीचा संबंध जगातल्या कोणत्याही भाषेशी लावणारी पुस्तके आपल्याकडे निघत असतात. त्यांचा आधार नेमका असल्या दोन अक्षरी जुळणीत असतो. नाते सिद्ध होते ते एकट्यादुकट्या शब्दाने नव्हे. एकाच रीतीने बदललेल्या शब्दांची रांग दाखवावी लागते. ‘तू’ला लॅटिनमध्ये ‘तू’, जर्मनमध्ये ‘डू’, रशियनमध्ये ‘ती’ आणि फारसीत ‘तो’ असे सोबती मिळतात, आणि त्याच भाषांत ‘नाही’तल्या ‘न’लाही मिळतात, तेव्हा कुठे ते एका घरचे म्हणता येतात.

शब्द छोटे का होतात, याचे उत्तर सोपे आहे. जे जास्त वापरले जाते ते झिजते. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज किंग्स्ली झिफ याने १९३५ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की भाषेत सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द सर्वांत आखूड असतात. लॅटिन ‘आक्वा’ फ्रेंचमध्ये झिजून नुसता ‘ओ’ उरला. झिजताना अर्थही सरकतो. संस्कृत ‘पुनर्’ म्हणजे पुन्हा. त्याचा प्राकृतात ‘पुण’ झाला आणि मराठीत ‘पण’. आज ‘पण’ म्हणताना कोणाच्या मनात ‘पुन्हा’ येत नाही. इंग्रजी ‘बट’ मुळात ‘बाहेर’ या अर्थाचा होता, फ्रेंच ‘मे’ मुळात ‘अधिक’ या अर्थाचा. तिन्ही भाषांनी विरोध दाखवायला एकेक जुना, भरीव अर्थाचा शब्द घेतला आणि त्याचा गाभा काढून टाकला.

या झिजेचा सर्वांत देखणा मराठी नमुना ‘च’ आहे. संस्कृत ‘च’ म्हणजे ‘आणि’. तोच लॅटिनमध्ये ‘क्वे’ आणि ग्रीकमध्ये ‘ते’. रोमच्या राजमुद्रेवर आणि इमारतींवर कोरलेल्या चार अक्षरांतले तिसरे अक्षर या ‘क्वे’चे आहे: सिनेट आणि रोमन जनता. आपला ‘च’ मात्र थेट संस्कृत ‘च’ नाही. ‘च’ आणि ‘एव’ एकत्र येऊन महाराष्ट्री प्राकृतात ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ झाले. हाल सातवाहनाच्या नावावरच्या गाथासप्तशतीत ‘च्चिअ’ वारंवार भेटतो. त्यातून मराठीचा ‘च’ उरला. जो शब्द दोन गोष्टी जोडायचा तो आता एकीला बाकी सगळ्यांपासून तोडतो. ‘कोल्हापूरच’ म्हणजे दुसरे काही नाही.

पुढे हा ‘च’ मराठीची हद्द ओलांडून गेला. हैदराबादेकडच्या दखनीत ‘वैसाइच’, ‘एकीच’ अशी रूपे आहेत, तिथला हा ‘च’ मराठीतून गेलेला आहे. त्याच्याबरोबर ‘नको’ही गेला आणि तिथे ‘नक्को’ झाला. भाषाशास्त्रात साधारण नियम असा सांगतात की भाषा एकमेकींकडून आधी नामे घेतात, कारण वस्तूबरोबर तिचे नाव येते. पोर्तुगीजांनी मराठीला ‘पाव’ दिला, ‘चावी’ दिली, ‘बादली’, ‘पगार’ आणि ‘घमेले’ दिले. एवढ्या शब्दांत एकही ‘आणि’, ‘पण’ किंवा ‘नको’ नाही. तो संबंध माल आणि नोकरीचा होता. व्याकरणाचे बारके शब्द एका भाषेतून दुसरीत जायला त्याहून जास्त काही लागते. एकाच विहिरीवर पाणी भरणे, एकाच बांधावर भांडणे, मुलांनी एकाच गल्लीत खेळणे.

इंग्लंडचा इतिहास हेच सांगतो. नवव्या शतकापासून पूर्व आणि उत्तर इंग्लंडात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले, शेती करू लागले, लग्ने करू लागले. त्यांच्या भाषेने इंग्रजीला ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामे दिली, ‘बोथ’, ‘सेम’, ‘टिल’, ‘दो’ हे शब्द दिले. सर्वनाम बाहेरून घेणे ही भाषेच्या इतिहासात विरळा गोष्ट. १०६६ नंतर आलेल्या नॉर्मनांनी राज्य केले, इंग्रजीत फ्रेंच शब्द हजारोंनी ओतले, पण सर्वनाम एकही दिले नाही. त्यांच्याकडून कायदा, दरबार, स्वयंपाक यांतले शब्द आले. जे बारके शब्द आले त्यांतल्या अनेकांना दस्तऐवजाचा वास आहे, ‘बिकॉज’मध्ये कारण दडले आहे आणि ‘ड्युरिंग’मध्ये मुदत. शेजाऱ्याने दिलेले शब्द आणि राज्यकर्त्याने दिलेले शब्द यांतला फरक इतका स्पष्ट दिसतो.

कोल्हापुरात शेजारी कन्नड आणि जुन्या राज्यकारभाराची भाषा फारसी. दोघींनी काय दिले ते आता शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

कोल्हापूरपासून फार दूर नाही असे एक गाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि सांगली-मिरजेच्या बाहेर ते फारसे कोणाला माहीत नाही. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघा अभ्यासकांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या या गावावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गावाचे नाव ‘कुपवार’ असे लिहिले. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, इतर अनेक घरांत मराठी, आणि काही घरांत तेलुगू. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक समाजाने घरची भाषा सोडली नाही, आणि बाहेर दुसऱ्याची भाषा बोलणेही टाळले नाही. परिणाम असा झाला की शब्द वेगळे राहिले आणि वाक्यांचे साचे एक झाले. निबंधातले एक वाक्य प्रसिद्ध आहे. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’. तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. तिथल्या कन्नडमध्येही तोच क्रम, तीच रचना, प्रत्यय जिथल्या तिथे. एका वाक्याचे शब्द काढून त्यांच्या जागी दुसऱ्या भाषेचे ठेवत गेले तरी ते उभे राहते.

त्या तिन्ही वाक्यांत एक शब्द अजिबात बदलत नाही. ‘जरा’. अरबीत ‘ज़र्रा’ म्हणजे धूलिकण, अतिसूक्ष्म कण. आधुनिक अरबीत अणूलाही हाच शब्द आहे. फारसी-उर्दूच्या वाटेने तो आला, ‘थोडेसे’ या अर्थावर स्थिरावला आणि जैनाच्या, मुसलमानाच्या, मराठ्याच्या तोंडी एकसारखा बसला. त्या गावात घरटी भाषा बदलत असे, ‘जरा’ सगळ्यांचा सारखाच होता.

कुपवारच्या बोलींत अशी आणखी देवघेव आहे. प्रमाण कन्नडमध्ये ‘हे घर तुमचे’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. तिथल्या कन्नडने शेवटी ‘आहे’ जोडायला सुरुवात केली, कारण मराठी आणि उर्दूत ते लागते. प्रमाण उर्दूत प्रश्नाचा ‘क्या’ वाक्याच्या आरंभी येतो. तिथल्या उर्दूत तो मराठीतल्या ‘का’सारखा शेवटी जाऊन बसला. शब्द आपलाच, जागा शेजाऱ्याची. शब्द उसना घेतला तर तो कोशात नोंदवता येतो, पण शब्द आपला ठेवून त्याची वागणूक उसनी घेतली तर ते कोणत्याच कोशात दिसत नाही. म्हणून शब्दांची मोजदाद करून भाषांचे नाते ठरवणाऱ्यांच्या हाती अर्धेच चित्र लागते.

‘नको’ घ्या. ‘मला नको’ म्हणजे हवे नाही, आणि ‘करू नको’ म्हणजे मनाई. हिंदीत ही दोन कामे दोन शब्द करतात, ‘नहीं चाहिए’ आणि ‘मत’. कन्नडमध्ये ‘बेड’ हा एकच शब्द दोन्ही करतो: नुसता ‘बेड’ म्हणजे नको, आणि ‘माडबेड’ म्हणजे करू नको. मराठीने कन्नडचा शब्द घेतलेला नाही. ‘नको’तला ‘न’ त्या मोठ्या युरोपीय-भारतीय कुळातलाच आहे. त्याचे काम मात्र कन्नड शब्दाच्या मापाचे आहे. ‘म्हणून’चेही तसेच. ‘येतो म्हणून सांगितलं’, ‘आजारी होतो म्हणून आलो नाही’, ‘राम म्हणून एक मुलगा’. बोलण्याच्या क्रियापदापासून झालेला हा शब्द दुसऱ्याचे म्हणणे सांगतो, कारण सांगतो आणि नावही सांगतो. कन्नडचा ‘अंत’ अगदी हीच कामे करतो आणि तोही ‘म्हणणे’ या क्रियापदापासून झाला आहे. संस्कृतातल्या ‘इति’चा वारसा यात आहेच, पण ‘म्हणणे’ याच अर्थाचे क्रियापद निवडून त्याला इतक्या जागी जुंपणे हा दक्षिणेचा शेजार आहे.

आणि पुण्यात ज्याची आजही टिंगल होते ते कोल्हापूरकरणीचे ‘मी येतो’, ‘मी गेलो’. प्रमाण मराठीत बाई ‘येते’ आणि ‘गेले’ म्हणते. कोल्हापूर-सांगलीकडच्या बाया ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यात त्यांना काही चुकल्यासारखे वाटत नाही, वाटायचे कारणही नाही. कन्नडमध्ये ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत फरकच नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथे दोन्ही भाषा कानांवर पडत राहिल्या, तिथे मराठीचा हा बारीक प्रत्यय कन्नडच्या सवयीने वागू लागला, असे मानायला सबळ आधार आहे. या बायकांना शाळेत ‘चुकीचे बोलता’ असे सांगितले जाते. खरे तर त्यांच्या तोंडात दोन भाषाकुळांच्या शेजाराचा इतिहास जिवंत आहे. तो हसण्यावारी नेणे हे अज्ञान आहे, आणि ते शिकलेल्या माणसांचे अज्ञान आहे म्हणून अधिक लागते.

आता फारसी. तिचे छोटे शब्द वेगळ्या दाराने आले. तहसील कचेरीत आजही कोणताही अर्ज ‘दाखला मिळणेबाबत’ अशा विषयाने सुरू होतो. ‘बाबत’च्या मुळाशी अरबी ‘बाब’ आहे, म्हणजे दार, आणि त्यावरून ग्रंथातले प्रकरण. ‘मार्फत’ म्हणजे मुळात ओळख, ज्ञान. ‘बद्दल’ म्हणजे मोबदला, अदलाबदल. ‘वगैरे’ हे एक आख्खे अरबी वाक्यखंड आहे, ‘आणि त्याहून इतर’. ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘फक्त’, ‘हल्ली’, ‘तर्फे’ हे सगळे त्याच बाजूचे. हे शब्द आधी कागदावर आले असणार, हिशेबात, सनदांत, तगाद्यांत. तिथून ते बोलण्यात उतरले आणि इतके खोल गेले की आज स्वयंपाकघरात ‘मीठ फक्त चिमूटभर’ म्हणताना दफ्तराची आठवण कोणाला येत नाही.

कोल्हापूरच्या इतिहासातली खरी विलक्षण गोष्ट इथे येते. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, आयुष्याच्या अखेरच्या दशकात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला होता. मराठीतले कोणते शब्द फारसीतून आले हे त्यांच्याइतके बारकाईने जाणणारा माणूस त्या काळी विरळा. त्यांची सुरुवातीची कविता फारसी शब्दांनी आणि फारसी वृत्तांनी भरलेली आहे. गझल मराठीत रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांचे. आणि हेच पटवर्धन पुढे भाषाशुद्धीचे खंदे पुरस्कर्ते झाले. १९३८ मध्ये त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ आले. पुढच्याच वर्षी ते वारले.

त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. परकी सत्ता होती, स्वभाषेचा अभिमान हा स्वातंत्र्याच्या आकांक्षेचाच भाग होता आणि मराठीत नवे शब्द घडवण्याची ताकद आहे हे सिद्ध करणे गरजेचे होते. सावरकरांच्या भाषाशुद्धी चळवळीने दिलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द आज निर्वेधपणे चालतात. ते मराठीचे धनच आहे. पण शुद्धीची चाळण कुठे लागली आणि कुठे लागली नाही, हे पाहण्यासारखे आहे. ही चाळण जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या राज्यात तयार झालेला राज्यव्यवहारकोश दहा वर्गांत मांडला आहे: राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग इत्यादी. त्यात पदव्या, हत्यारे, किल्ले, दप्तरे, बाजार यांची संस्कृत नावे आहेत, आणि कोशाची सारी झडती नामांची आहे. विसाव्या शतकातल्या चळवळीचेही लक्ष प्रामुख्याने नामांवरच राहिले. ‘तारीख’ गेली आणि ‘दिनांक’ आला, पण ‘दिनांकाबाबत’ मधला ‘बाबत’ तसाच राहिला. ‘मेयर’ जाऊन ‘महापौर’ आला आणि त्यांच्या ‘मार्फत’ निघालेले पत्र ‘मार्फत’च निघत राहिले.

हेच त्याच दशकात तुर्कस्तानात घडले. मुस्तफा कमालने १९३२ मध्ये भाषामंडळ स्थापन केले आणि अरबी-फारसी शब्द काढून त्यांच्या जागी तुर्की शब्द घालण्याची मोहीम सरकारी बळावर राबवली. हजारो शब्द गेले. आजच्या तरुण तुर्काला शंभर वर्षांपूर्वीचे गद्य शब्दकोशाशिवाय समजत नाही, इतकी ती मोहीम यशस्वी झाली. तरीही ‘आणि’साठी अरबी ‘वे’ उरला. वाक्ये जोडणारा फारसी ‘की’ उरला. ‘फकत’ उरला, तिथे त्याचा अर्थ ‘पण’. नुरुल्लाह आताच या लेखकाने हट्टाने ‘वे’ टाळून लिहिण्याचा प्रयत्न केला. भाषा त्याच्यामागे गेली नाही. जी मोहीम राज्यसत्तेच्या जोरावर शाळा, वृत्तपत्रे, कायदे बदलू शकली ती ‘आणि’ बदलू शकली नाही. मराठीतला ‘की’ आणि ‘फक्त’ हे तुर्की ‘की’ आणि ‘फकत’चे गावबंधू आहेत, एकाच कारभारी भाषेने दोन मुलखांत पेरलेले.

यावरून भाषाशुद्धीच्या मांडणीतला दोष कळतो. शब्दाचा उगम परका असेल तर शब्द परका, हे तिचे गृहीतक. ते नामांना लावून पाहता येते, कारण नाम उपटून दुसरे लावता येते. ‘फक्त’, ‘जरा’, ‘की’ यांना लावताच ते मोडते. हे शब्द बाहेरचे असल्याचे बोलणाऱ्याला जाणवतच नाही, शुद्धीचा आग्रह धरणाऱ्यालाही नाही, आणि ते न वापरता तो आपला आग्रहसुद्धा मांडू शकत नाही. म्हणून शब्द कोणाचा, हे त्याच्या जन्मगावावरून ठरवणे चूक आहे. बोलणारा त्याच्यावर किती सहज वजन टाकतो, यावरून ते ठरते.

या युक्तिवादावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मग इंग्रजीचेही असेच मानायचे का? कोल्हापूरच्या कॉलेजांतली मुले आता वाक्याची सुरुवात ‘सो’ने करतात, मध्ये ‘बट’ घालतात, ‘अ‍ॅक्च्युअली’ला तर थांबाच नाही. ही चिंता खोटी नाही, आणि ती करणाऱ्यांना जुनाट म्हणून झटकणे बरोबर नाही. यारोन मात्रास या अभ्यासकाने अनेक भाषांच्या संपर्काचा अभ्यास करून दाखवले आहे की जोडशब्दांत सर्वांत आधी ‘पण’ उसना घेतला जातो, मग ‘किंवा’ आणि शेवटी ‘आणि’. ‘बट’ शिरला ही त्या क्रमाची पहिली पायरी. पण कुपवारचा धडा इथे आठवावा. तिथल्या भाषांनी एकमेकींचे वाक्यांचे साचेसुद्धा उचलले आणि तरी त्या शतकानुशतके टिकल्या, कारण प्रत्येक घरात ती भाषा बोलली जात होती. मराठीला धोका ‘सो’ने नाही. मूल मराठीत शिकत नाही, मराठीत हिशेब करत नाही, मराठीत भांडत नाही, तिथे धोका आहे. ‘सो’ म्हणणारे मूल निदान पुढचे वाक्य मराठीत बोलते आहे.

याउलट आपल्याच हातांनी होणारे नुकसान मोजले जात नाही. ‘मी बी येतो’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षक ‘मीही’ म्हणायला लावतात. ‘ही’ शिकवावा, तो प्रमाण लेखनाला लागतोच. पण ‘बी’ गावंढळ म्हणून खोडू नये. संस्कृत ‘अपि’चा प्राकृतात ‘वि’ झाला, तोच हा ‘बी’. गाथासप्तशतीत हा ‘वि’ पानोपानी आहे. शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या फडात जो ‘बी’ बोलला जातो त्याचे कूळ दोन हजार वर्षे मागे सातवाहनांच्या प्राकृतापर्यंत सरळ जाते. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० मध्ये मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. मराठीचे प्राकृताशी असलेले धागे त्यात सविस्तर उलगडले आहेत. तो ग्रंथ शिक्षकांच्या हाती पडला असता तर ‘बी’ला इतका अपमान सोसावा लागला नसता.

या शब्दांची नोंद कशी करायची हाही प्रश्न आहे, कारण आजवरच्या पद्धतीत ते निसटत आले आहेत. ग्रियर्सन या अभ्यासकाच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत करून घेतली होती. गोष्ट एकच असल्यामुळे बोली पडताळून पाहता आल्या, हा त्याचा मोठा उपयोग. पण भाषांतर केलेल्या गोष्टीत ‘बसा की’ येत नाही. ‘रं’, ‘गं’, ‘ब्वा’, ‘न्हवं’ हे शब्द समोर माणूस असल्याशिवाय तोंडातून निघत नाहीत. डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठीच्या बोलींचे डिजिटल सर्वेक्षण हाती घेतले, गावोगाव जाऊन आवाज ध्वनिमुद्रित केले. हे काम फार मोलाचे आहे. त्याच्या जोडीला दोन माणसांचे आपसातले बोलणे हवे. गुऱ्हाळावर गूळ उतरवताना, लक्ष्मीपुरीत भाजीचा भाव करताना, गडहिंग्लजच्या एस. टी. स्टँडवर कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या जागेवरून वाद घालतात तेव्हा, ‘की’ कुठे येतो, किती लांबतो, आवाज चढतो की उतरतो, याची नोंद व्हायला हवी. शिवाजी विद्यापीठाच्या आसपासच्या टापूत हे सगळे आज ऐकू येते, आणि दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणारी पिढी आता म्हातारी होत आहे.